हिरडी दुखत नाही, तेव्हाच दाखवा

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. यातले बहुतेक जण दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. मग ब्रश पुन्हा हातात घेतला आणि साधारण आठवडाभरात सगळ्यांच्या हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या. त्यासाठी कुठलंही औषध लागलं नाही.

हिरड्यांच्या आजाराबद्दल एकच गोष्ट सांगायला वेळ असेल, तर मी हा प्रयोग सांगतो. सुरुवातीला हा आजार पूर्ण मागे फिरतो. पुढे गेला की थांबवता येतो, पण दाताभोवतीचं झिजलेलं हाड सहसा पूर्वीसारखं भरून येत नाही. आणि यातला एक टप्पा संपून दुसरा सुरू होताना बहुतेकांना काहीही दुखत नाही. ‘इतकी वर्षं काही त्रासच नव्हता हो डॉक्टर’, असं दात हलायला लागल्यावर आलेले पेशंट सांगतात, आणि ते खरंच सांगत असतात. दाताची कीड ठणका देऊन झोप उडवते, हिरडी तसं करत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे.

आधी आजाराची गोष्ट. दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा चिकट, पांढुरका थर पुन्हा बसायला लागतो. नखाने खरवडला तर निघतो, नुसत्या चुळा भरून निघत नाही. हा थर हिरडीच्या कडेला तसाच राहिला की लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरतं आणि तो दगडासारखा घट्ट होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेच्या टोकाला खरखरीत लागतं ते हेच. तिथे लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून तिथे ते लवकर आणि जास्त साचतं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तसंच. कीटणाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यावर नवा थर आणखी पक्का बसतो आणि हिरडी सुजते. एवढ्यावर आजार असेल तर तो जिंजिव्हायटिस, म्हणजे फक्त हिरडीची सूज. जंतू हिरडीच्या आत उतरले, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटू लागले आणि हाड झिजायला लागलं की तो पेरिओडॉन्टायटिस. घरोघरी त्याला पायोरिया म्हणतात.

प्रत्येकाची सूज पुढे जाते का? नाही. लो यांनीच १९७० पासून श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांना १५ वर्षं तपासलं. हे मजूर दात घासत नव्हते आणि त्यांना दंतोपचारही मिळत नव्हते. सगळ्यांच्या दातांवर थर होता, कीटण होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने झिजलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांमध्ये आजार हिरडीच्या पुढे गेलाच नाही. तुमचे आजोबा आयुष्यभर राखुंडीने दात घासून ८० व्या वर्षी ऊस सोलून खात असतील, तर ते बहुधा या शेवटच्या गटातले. तुम्ही कुठल्या गटातले, हे आरशात पाहून कळत नाही. ते मोजावं लागतं. मोजणं कसं असतं ते पुढे सांगतो.

आरशात दिसण्यासारखंही बरंच असतं. मोबाइलचा टॉर्च लावून, ओठ वर ओढून हिरड्या बघा. निरोगी हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते, कडेला पातळ असते आणि तिच्यावर बऱ्याचदा संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असतात. रंगावर फार जाऊ नका. आपल्याकडे पुष्कळ जणांच्या हिरड्यांवर जन्मापासून तपकिरी-काळसर छटा असते, ती नैसर्गिक आहे. बिघडलेली हिरडी गुळगुळीत, चकचकीत, फुगीर दिसते आणि दोन दातांच्या मधला तिचा टोकदार त्रिकोण बोथट होतो. ब्रशवर गुलाबी फेस येणं, पेरू किंवा सफरचंद चावल्यावर त्यावर रक्ताची रेघ दिसणं, सकाळी तोंडात खारट-लोखंडी चव असणं, घरच्यांनी तोंडाच्या वासाबद्दल दबकत बोलणं, ही सगळी सुरुवातीची लक्षणं आहेत. पूर्वी कधी अडकत नव्हतं त्या जागी आता पालेभाजीचा धागा किंवा मटणाची शीर अडकायला लागणं, दात लांब झाल्यासारखे वाटणं, पुढच्या दातांत नवी फट पडणं, ही त्यापुढची. ही दिसली तर थांबू नका.

रक्त दिसलं की बहुतेक लोक नेमकं उलट करतात. ‘तिथे जखम आहे, ब्रश नको लावायला’ म्हणून ती जागा सोडतात किंवा आठवडाभर बोटाने पेस्ट फिरवतात. रक्त येतं ते तिथे थर साचून सूज आल्यामुळे. ती जागा सोडली की थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं. मऊ ब्रशने तीच जागा हळुवार पण रोज नीट साफ केली, तर निव्वळ सूज असलेल्या हिरडीचं रक्त आठ-दहा दिवसांत कमी व्हायला लागतं. दोन आठवडे असं मनापासून करूनही रक्त येतच राहिलं, तर आत कीटण आहे किंवा आजार पुढे गेलेला आहे असं समजा आणि दाखवायला जा.

एका गटाला मात्र रक्ताची ही सूचनासुद्धा नीट मिळत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे आत हाड झिजत असलं तरी रक्त कमी येतं आणि हिरडी वरून बरी दिसते. धूम्रपान करणाऱ्यांनी लक्षणांची वाट न पाहता वर्षातून एकदा तरी हिरड्या मोजून घ्याव्यात. गालात तंबाखू-चुन्याचा बार धरणाऱ्यांची त्याच जागची हिरडी खाली सरकते आणि दातांची मुळं उघडी पडतात. तिथे पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडायला लागलं, तर ती बाब कॅन्सरच्या दृष्टीने तातडीने तपासायची असते. आणि मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू अजूनही कितीतरी घरांत दात घासायला वापरली जाते, बायकांमध्ये विशेष. ‘मशेरी लावल्याशिवाय हिरड्या शिवशिवतात, पोट साफ होत नाही’ असं त्या सांगतात. ही तंबाखूची तलफ आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ती दातांची काळजी नक्कीच नाही. डॉक्टरांपासून मशेरी लपवू नका. ती सोडायला मदत मिळते, आणि ती सुटली की हिरड्यांचे उपचार चांगले लागू पडतात.

मधुमेह असलेल्यांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार जोर धरतो, आणि हिरड्यांत सतत सूज असली की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो असं अनेक अभ्यासांमधून दिसलं आहे. त्याने औषधं सुटणार नाहीत, पण डायबिटीसच्या माणसाला एवढ्या उताराचं मोल ठाऊक असतं. तुमच्या फिजिशियनने पायांची, डोळ्यांची तपासणी लिहून दिली असेल, तर तिच्यात हिरड्यांची भर तुम्हीच घाला.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या पटकन सुजतात. ‘आता काही करायला नको, बाळंतपण होऊ दे’ असा सल्ला सासर-माहेरून मिळतो. तो मानू नका. साधी सफाई गरोदरपणात सुरक्षित आहे, आणि चौथा ते सहावा महिना खुर्चीत बसायच्या दृष्टीने सोयीचा असतो. रक्तदाबाची अमलोडिपिन, फिटची फेनिटॉइन, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन या औषधांनी काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगायचं.

आणि एक इशारा. ब्रश न लावताही आपोआप रक्त येत असेल, सोबत ताप, अंगावर निळे-जांभळे डाग, कमालीचा थकवा असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे न जाता आधी फिजिशियनकडे जा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. पावसाळ्यात डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स उतरल्याने असं होतं, आणि क्वचित ते रक्ताच्या गंभीर आजाराचं पहिलं लक्षण असतं.

आता जायचं कोणाकडे? पहिली भेट नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांकडेच असू द्या. निव्वळ सूज आणि कीटण असेल तर ते काम त्यांचंच आहे. हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, हे बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयाचं एमडीएस केलेले डॉक्टर असतात. पाटीवर नुसतं ‘एमडीएस’ वाचून जाऊ नका, कारण एमडीएस दात सरळ करण्यातलं असतं, रूट कॅनॉलमधलं असतं, लहान मुलांच्या दातांचंही असतं. ‘पेरिओडॉन्टॉलॉजी’ हा शब्द आहे का ते बघा किंवा सरळ विचारा. दात हलत असेल, हिरडीतून पू येत असेल, सफाईनंतरही रक्त थांबत नसेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तिशीच्या आतच दातांत फटी पडायला लागल्या असतील, तर थेट तज्ज्ञ गाठा. खासगी दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. केसपेपर काढून सकाळी लवकर बसावं लागतं, एका भेटीत काम उरकत नाही, शिकणारे डॉक्टर वेळ घेतात. पण ते शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि तपासणी सविस्तर होते.

जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या, साखरेचे ताजे रिपोर्ट आणि दातांचे जुने एक्स-रे बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती दोन दिवस आधी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा. हृदयाची झडप बदलली असेल तर तेही खुर्चीत बसण्याआधीच सांगा. आणि मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन सूज दाबून जाऊ नका. कीटण तसंच असेल तर गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि डॉक्टरांना मूळ चित्र दिसत नाही.

खुर्चीत काय होतं ते आधीच माहीत असलं की धास्ती कमी होते. डॉक्टरांच्या हातात बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते. दात आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत ती अलगद उतरवायची आणि किती आत जाते ते वाचायचं. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी: बाहेरून तीन, आतून तीन. डॉक्टर आकडे सांगतात, सहायक लिहून घेते: ‘तीन, दोन, तीन... तीन, दोन, चार, रक्त... पाच, तीन, सहा, रक्त.’ तोंडात २८ दात असतील तर असे १६८ आकडे होतात. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार आणि त्यापुढे म्हणजे तिथे कप्पा तयार झाला आहे. ब्रश तीन मिलिमीटरच्या पलीकडे पोचत नाही, म्हणून पाच-सहाच्या जागा घरी कितीही घासलं तरी साफ होत नाहीत. सुजलेल्या जागी थोडं टोचतं, बाकी ही तपासणी फारशी दुखत नाही.

हे आकडे तुमचे आहेत. त्यांची प्रत मागा, किंवा निदान मोबाइलवर फोटो काढा. रक्ताच्या रिपोर्टसारखी हिरड्यांच्या रिपोर्टची फाइल ठेवणारे पेशंट मला फार थोडे भेटतात, आणि जे ठेवतात त्यांचे दात टिकवणं सोपं जातं. कारण सहा महिन्यांनी पाचाचे तीन झाले की पाचाचे सहा, हे बघितल्याशिवाय उपचार लागू पडला की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. जोडीला एक्स-रे लागतो, पण त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. हाडातलं बरंच खनिज गेल्याशिवाय फरक एक्स-रेमध्ये उमटत नाही. नुसतं तोंड उघडायला लावून ‘थोडी सूज आहे, क्लीनिंग करून टाकू’ म्हणणं म्हणजे हिरड्यांची तपासणी झाली असं होत नाही. ‘डॉक्टर, कप्पे मोजाल का?’ असं विचारायला संकोच करू नका.

सफाईबद्दल एक समज इतका खोलवर बसला आहे की त्यावर थोडं थांबतो. ‘क्लीनिंग केलं की दात हलतात, फटी पडतात.’ असं म्हणणाऱ्यांना तसा अनुभव आलेला असतो, म्हणून नुसतं ‘चूक आहे’ म्हणून भागत नाही. खालच्या पुढच्या दातांमागे वर्षानुवर्षांचं कीटण एकसंध भिंतीसारखं साचतं आणि हाड झिजून आधीच सुटलेले दात त्या भिंतीत रोवलेले राहतात. कीटण काढलं की दात हलतोय हे पहिल्यांदा जाणवतं. फटींचंही तसंच. त्या जागा कीटणाने आणि सुजेने भरलेल्या होत्या, सूज उतरली की फट दिसते. मशीनच्या थरथरीने आणि पाण्याच्या फवाऱ्याने कीटण निघतं, नीट केलं तर दाताचं आवरण घासलं जात नाही. चार-आठ दिवस थंड पाणी झोंबतं, ते कमी होतं. डॉक्टरांनी ही कल्पना आधी द्यायला हवी. दिली नाही तर विचारा.

कप्पे खोल असतील तर हिरडीच्या आतली मुळं साफ करावी लागतात. ते बधिर करून, बहुधा दोन ते चार भेटींत करतात. त्यानंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा सगळं मोजायचं. बऱ्याच जागा एवढ्यावर सुधारतात. जिथे पाच-सहाचे कप्पे रक्तासकट तसेच राहतात, तिथे हिरडी किंचित उघडून आतून साफ करायची छोटी शस्त्रक्रिया लागते. काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत हाडाची पूड भरून थोडं हाड मिळवताही येतं. साधी सफाई आणि फेरतपासणी न करता पहिल्याच दिवशी कुणी सगळ्या जबड्याची शस्त्रक्रिया किंवा महागडं लेझरचं पॅकेज सुचवलं, तर आकडे घ्या आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. ‘सगळे काढून इम्प्लांट बसवू’ याला तर आणखीच. ज्या तोंडात हिरड्यांचा आजार आटोक्यात आलेला नाही, तिथे इम्प्लांटभोवतीचं हाडही तसंच झिजतं.

घरचं काम थोडं आहे, पण ते रोजचं आहे. मऊ ब्रश, दात आणि हिरडी जुळतात त्या रेषेवर तिरका टेकवायचा आणि जागच्या जागी थरथरवायचा, दोन दातांपुरता, मग पुढे. सकाळी आणि रात्री, दोन-दोन मिनिटं. यातली रात्रीची वेळ चुकवू नका. दातांच्या मधे ब्रश जात नाही आणि आजार बहुधा तिथेच सुरू होतो. फटी असतील तर मधे फिरवायचा बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, त्याचा योग्य आकार डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्या. फटी नसतील तर फ्लॉस. टाचणी, सेफ्टी पिन, आगपेटीची काडी नको. राखुंडी, कोळशाची पूड, खरखरीत लाल मंजन यांनी दात पांढरे वाटतात, पण मुळांजवळचा भाग झिजतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी सुजेला आराम पडतो, कीटण निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरा. महिनोन्‌महिने वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव जाते.

उपचार पूर्ण झाल्यावर ‘आता बरं आहे’ म्हणून गायब होऊ नका. ज्यांचं हाड एकदा झिजलं आहे त्यांना पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी बोलावतात, पुढे आकडे स्थिर राहिले तर अंतर वाढवतात. या भेटीत दोनच प्रश्न विचारा: चार मिलिमीटरच्या वरच्या जागा आता किती, आणि रक्त किती जागी येतंय? उत्तरं फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा.

आई-वडिलांपैकी कुणाचे दात चाळिशीच्या आत हलून पडले असतील, तर घरातल्या तरुण मुलांची आणि भावंडांचीही एकदा तपासणी करून घ्या. या आजाराचा एक झपाट्याचा प्रकार घराण्यात चालतो, कुमारवयातच पुढच्या दातांभोवती आणि पहिल्या दाढांभोवती तो सुरू होतो, आणि त्यात कीटण फार नसल्यामुळे तोंड वरून स्वच्छ दिसतं. तुम्ही स्वतःच्या तपासणीला जाल त्या दिवशी मुलांनाही सोबत न्या. त्यांचे कप्पे मोजायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.